हातातला कंट्रोलर आणि हातात नसलेली मॅच

लालजर्सी

३ जानेवारी २०१९. मँचेस्टर सिटीच्या मैदानावर सादिओ मानेचा फटका खांबाला लागून परत आला. जॉन स्टोन्सने गडबडीत मारलेला चेंडू त्याच्याच गोलकीपरला लागला आणि उलटा गोलकडे निघाला. मग स्टोन्सनेच धावत जाऊन तो रेषेवरून बाहेर काढला. चेंडू पूर्ण आत जायला साधारण ११ मिलिमीटर कमी पडले. माझं लिव्हरपूल ती फुटबॉल मॅच २-१ अशी हरलं. अख्ख्या सीझनमध्ये लीगमधला तो एकमेव पराभव, आणि शेवटी सिटीचे गुण ९८, आमचे ९७.

मॅच संपली तेव्हा मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. मी कन्सोल सुरू केला, तेच मैदान निवडलं, तेच दोन संघ घेतले आणि सिटीला चार गोल मारले. परत खेळलो, तीन मारले. तिसऱ्या वेळी मागे पडलो तेव्हा मॅच थांबवून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला गेलो. 'रीस्टार्ट'वर आलो आणि इतका वेळ जे बरं वाटत होतं ते एकदम ओसरलं. सिटीचे ते दोन गोल माझ्या पडद्यावरून गेले होते, गुणतक्त्यातून गेले नव्हते.

तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. व्हिडिओ गेम आणि आवडती टीम, दोन्हींवर माझा सारखाच जीव. लोक दोन्ही एकाच टोपलीत टाकतात, 'खेळाचं वेड' म्हणून. मला मात्र वाटतं की या दोन गोष्टी एकमेकींच्या अगदी विरुद्ध टोकाला आहेत, आणि म्हणूनच त्या एकाच माणसात एकत्र नांदतात. गेममध्ये सगळं माझ्या अंगठ्यांवर चालतं. पास कुणाला द्यायचा, कुणाला बाहेर काढायचं, नव्वदाव्या मिनिटाला सगळे पुढे पाठवायचे की मागे बसायचं, सगळं मी ठरवतो. टीमच्या बाबतीत माझ्या हातात काहीच नाही. ती अकरा माणसं ना माझ्या नात्यातली ना गोत्यातली, त्यांना मी माहीतही नाही, आणि त्यांच्यातल्या एकाचा पाय घसरला की माझे चार दिवस खराब जातात. २७ एप्रिल २०१४ ला चेल्सीविरुद्ध आमचा कप्तान जेरार्ड घसरला, ते मी अजूनही पूर्ण पाहू शकत नाही. क्लिप आली की पुढे सरकवतो.

पण गेमने मला एक मोठी गोष्ट दिली, मॅच बघायची नजर. आधी मी फक्त चेंडूच्या मागे डोळे फिरवायचो. गेममध्ये कंट्रोलरवरचं एल-वन बटण दाबलं की चेंडू नसलेला सोबती पुढे धावायला लागतो. ते बटण कधी दाबायचं हे शिकता शिकता कळलं की गोल पासच्या आधीच सुरू झालेला असतो. बचावपटू मान वळवतो तो अर्धा सेकंद, तेवढीच ती जागा. आता खरी मॅच बघताना माझी नजर त्या धावणाऱ्या माणसावर असते.

आणि ती धाव सगळ्यात सुंदर धावायचा दिओगो जोटा.

जोटाबद्दल इथे बऱ्याच जणांना माहीत असेल, तरी लिहितो. तो स्वतः पक्का गेमर होता. एप्रिल २०२० मध्ये सगळं फुटबॉल बंद असताना प्रीमियर लीगने खेळाडूंची व्हिडिओ गेम स्पर्धा घेतली, तेव्हा जोटा त्याच्या तेव्हाच्या क्लबसाठी, वुल्व्ह्ससाठी, खेळला आणि जिंकला. फायनलमध्ये त्याने हरवलं ते लिव्हरपूलच्या ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डला. पाच महिन्यांनी तोच जोटा आमच्याकडे आला. डिसेंबरमध्ये गुडघा दुखावला आणि काही महिने बाहेर बसला. त्या काळात तो फिफा २१ या गेममध्ये वीकेंडच्या ऑनलाइन स्पर्धेतल्या तीसच्या तीस मॅचेस जिंकून जगात पहिल्या नंबरावर गेला. पुढे गोल केल्यावर कधी कधी मैदानातच मांडी घालून बसायचा आणि हातात कंट्रोलर असल्यासारखे अंगठे हलवायचा. तो तसा बसला की मला वाटायचं, हा आपल्यातला आहे. मी ज्या सोफ्यावर बसून खेळतो तिथूनच उठून हा मैदानात गेलाय.

२ एप्रिल २०२५ ला एव्हर्टनविरुद्ध १-० जिंकलो, गोल जोटाचा. त्याच महिन्यात लीग जिंकली, क्लबचं विसावं विजेतेपद. जोटाच्या पाठीवर नंबरही वीसच. ३ जुलै २०२५ ला स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात तो आणि त्याचा भाऊ आंद्रे दोघंही गेले. जोटा २८ वर्षांचा होता, लग्नाला दोन आठवडेही झाले नव्हते. तो एव्हर्टनविरुद्धचा गोल शेवटचा ठरला. क्लबने वीस नंबर कायमचा निवृत्त केला.

आता मुख्य गोष्ट. ईए स्पोर्ट्स एफसी २४ या फुटबॉल गेममध्ये माझा लिव्हरपूलचा करिअर मोड आहे, म्हणजे एकच क्लब सीझनमागून सीझन चालवायचा, २०२३ च्या उन्हाळ्यात सुरू झालेला. त्या सेव्हमध्ये मे २०२७ चालू आहे. दोन मॅचेस शिल्लक, आणि जोटा ३० वर्षांचा, डाव्या बाजूला माझा पहिला माणूस. ती सेव्ह मी जुलै २०२५ पासून उघडलेली नाही. खोडायची हिंमत नाही आणि पुढे खेळवतही नाही. आयुष्यभर जे वास्तवात झालं ते गेममध्ये बदलत आलो. इथे गेमने आपणहून बदलून ठेवलंय आणि मला ते बघवत नाही.

तुमच्यापैकी कुणी अशा ठिकाणी अडकलंय का? टीम आणि गेम तुमच्याकडे एकमेकांशी कसे वागतात तेही लिहा. क्रिकेट, रेसिंग, काहीही चालेल.

बाकावरचा

लालजर्सी, शेवटचे दोन परिच्छेद वाचून थोडा वेळ थांबलो. सेव्हचं नंतर लिहितो, आधी माझ्या बाजूचं.

मी फुटबॉल मॅनेजरवाला. आमच्यात अंगठ्यांचं काम नाही. टीम निवडायची, डावपेच आखायचे आणि बाकावर बसून बघत राहायचं. त्यामुळे तुमचं 'गेममध्ये सगळं हातात' हे मला अर्धंच पटतं. प्रत्येक खेळाडूच्या गुणांना १ ते २० आकडे असतात, पण काही आकडे गेम दाखवतच नाही. सातत्य किती, मोठ्या मॅचला कसा खेळतो, दुखापतीकडे किती कल, हे सगळं लपवलेलं. कागदावर हिरा दिसणारा पोरगा फायनलला पाय गाळून का बसतो ते वर्षं गेली तरी कळत नाही. खऱ्या टीमची हतबलता या गेममध्ये मुरलेली आहे.

माझं टीमशी नातंही उलट्या दिशेने जुळलं, आधी गेम आणि मग टीम. अँडी रॉबर्टसन डंडी युनायटेडला होता तेव्हा मी त्याला गेममध्ये घेतला होता, त्याचं नाव फारसं कुणी घेत नव्हतं तेव्हा. मग खरा रॉबर्टसन हलला गेला, हल खालच्या लीगमध्ये घसरलं, २०१७ मध्ये तो लिव्हरपूलला आला. लिव्हरपूलबरोबर त्याने चॅम्पियन्स लीग, म्हणजे युरोपातली सगळ्यात मोठी क्लब स्पर्धा, जिंकली त्या दिवशी माझ्या डोळ्यांत पाणी होतं. तो क्वीन्स पार्ककडून चौथ्या दर्जाच्या लीगमध्ये हौशी म्हणून खेळत होता. त्या पोराची माहिती कुणीतरी मैदानाकडेला बसून लिहून ठेवली म्हणून ती गेममध्ये आली. ही माहिती गोळा करणारी माणसं जगभर पसरलेली असतात, आपापल्या क्लबची वेडी. म्हणजे गेमच्या आत शेवटी चाहतेच बसलेले आहेत.

या गेमची २०२५ ची आवृत्ती रद्द झाली तेव्हा वर्षभर जुन्याच आवृत्तीवर काढलं. त्या वर्षी जुन्या सेव्ह काढून बसलो आणि खूप बरं वाटलं. सेव्ह खोडू नका एवढंच सांगेन.

मैदानवेडी

मी गेम खेळत नाही. कधी आवडलाच नाही. पण धागा मनापासून लिहिलाय म्हणून मनापासूनच विरोध करते.

हरलेली मॅच परत खेळून जिंकणं मला टीमशी प्रतारणा वाटते. हरलो ते हरलो. त्या हरण्यातून जाणं हाच चाहता असण्याचा भाग आहे. २०१९ चे ते ९७ गुण तुम्ही पोटात घेऊन बसला नसतात तर २५ जून २०२० ला चेल्सीने सिटीला हरवल्यावर, तीस वर्षांनी लीग तुमची झाली तेव्हा, काय वाटलं असतं? ते वाटणं कुठल्याही बटणातून येत नाही.

दुसरं. २०२० मध्ये रिकाम्या मैदानांत मॅचेस सुरू झाल्या तेव्हा प्रक्षेपणात प्रेक्षकांचा आवाज व्हिडिओ गेममधून घेऊन मिसळला होता. मी आवाज बंद करून बघायचे. त्या शांततेत खेळाडू एकमेकांना हाका मारताना ऐकू यायला हवे होते, गोलकीपर बचावपटूंवर ओरडताना ऐकू यायला हवा होता. मला खोट्या गर्दीपेक्षा खरी शांतता हवी होती.

लालजर्सी

मैदानवेडी, प्रतारणा हा शब्द लागला, पण खोटा आहे असं म्हणता येत नाही. 'रीस्टार्ट'वर मला जे वाटलं त्याला बहुधा हेच नाव आहे.

आवाजाबद्दल मात्र वेगळं मत आहे. ती गर्दी खोटी नव्हती. गेमवाल्यांनी ते आवाज खऱ्या स्टँडमधूनच रेकॉर्ड केलेले होते, आधीच्या वर्षांतल्या खऱ्या माणसांचे. मला ते ऐकताना वाटायचं की मैदान रिकामं असताना जुने लोक येऊन बसलेत. मी आवाज वाढवून बघायचो.

मैदानवेडी

हे माहीत नव्हतं. जुने लोक येऊन बसलेत हे वाचून आता ते आवाज वेगळे आठवतायत. विरोध अजून आहे, पण थोडा कमी.

सहावा चेंडू

क्रिकेटवाल्यांची हजेरी. आमचं दुखणं वेगळंच, आम्हाला गेमच मिळत नाही. ईएचा क्रिकेट ०७ नोव्हेंबर २००६ मध्ये आला आणि त्यानंतर त्यांनी मोठा क्रिकेट गेम काढलाच नाही. त्यातही परवाना अॅशेसचा, त्यामुळे इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाची नावं खरी आणि बाकीच्या देशांचे खेळाडू वाकड्यातिकड्या नावांचे.

मग काय केलं? चाहत्यांनी स्वतः दुरुस्त केला. नावं बदलली, चेहरे बनवले, जर्सी रंगवल्या, बॅटवरचे स्टिकर बदलले, नवीन स्पर्धा घातल्या. इतकी वर्षं झाली तरी नवे पॅच, म्हणजे गेममध्ये घालायच्या अशा दुरुस्त्या, येत राहिले. मी एका पॅचसाठी टोप्या रंगवायचं काम केलंय. टोपीवरचं बोधचिन्ह पडद्यावर नखाएवढं दिसतं, त्यासाठी मी दोन आठवडे घालवले. दोन धाग्यांच्या मधला रंग बरोबर येईना. शेवटी आला. फलंदाज बाद होऊन पॅव्हेलियनकडे निघतो आणि कॅमेरा जवळ जातो, तेवढेच दोन सेकंद ती टोपी दिसते. आपल्या टीमवर प्रेम आहे हे दाखवायला माझ्याकडे दुसरं काय होतं? बॉलिंग तर करता येत नाही.

म्हणून लालजर्सी, तुमचं 'टीमच्या बाबतीत हातात काहीच नाही' हे मला पूर्ण मान्य नाही. टोपी होती हातात.

थोरली

या धाग्यात एक कडवट गोष्ट लिहिते. माफ करा, पण ती लिहायलाच हवी.

माझा धाकटा भाऊ असाच टीमवेडा. एका फुटबॉल गेममध्ये खेळाडूंची बंद पाकिटं विकत घेऊन संघ बांधायचा. पाकिटात कोण निघेल ते उघडेपर्यंत कळत नाही. त्याला त्याच्या लाडक्या टीमचे अकराच्या अकरा हवे होते. त्यासाठी आमच्या आईच्या कार्डावरून महिनाभर खरेदी चालली होती. एका संध्याकाळी मी त्याच्या खोलीत गेले तेव्हा तो पाकीट उघडत होता. पडदा काळा होतो, मग झेंडा दिसतो, मग जागा, मग क्लब, मग चेहरा. झेंडा दिसल्यावर तो उठून उभा राहिला. क्लब दिसल्यावर खाली बसला. आणि काही न बोलता पुढचं उघडलं.

त्या वेळी मी ओरडले. आज ओरडले नसते. त्याचं टीमवरचं प्रेम खरं होतं आणि त्या प्रेमालाच बरोबर गळ लावलेला होता. बेल्जियममध्ये २०१८ साली अशा पाकिटांना जुगार ठरवलं गेलं, ते मला नंतर कळलं. तो आता बाहेर आलाय, फक्त करिअर मोड खेळतो, कार्ड जोडलेलं नाही. लहान भावंडं किंवा मुलं खेळत असतील तर कन्सोलवर खरेदीला पासवर्ड लावून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे.

लालजर्सी

थोरली, माफी कशाला? हे इथे यायलाच हवं होतं. गेमवर प्रेम असलेल्यांनी तर जास्त जोरात बोलायला हवं. खेळाडूची ओढ वापरून लहान मुलांकडून पैसे काढणं याला माझ्याकडे क्षमा नाही. मी ती पाकिटं कधी उघडली नाहीत.

पिटस्टॉप

रेसिंगमध्ये तुमची ती दोन टोकं जवळजवळ चिकटलीत. जान मार्डेनबरो २०११ मध्ये ग्रॅन टुरिस्मो हा रेसिंग गेम खेळून निसानची स्पर्धा जिंकला आणि २०१३ मध्ये ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत आपल्या वर्गात तिसरा आलेल्या गाडीत होता. मे २०२४ मध्ये फॉर्म्युला वनच्या व्हेरस्टॅपेनने इमोलाची खरी शर्यत जिंकली आणि त्याच शनिवार-रविवारी त्याच्या चमूने न्यूरबुर्गरिंगची आभासी चोवीस तासांची शर्यतही जिंकली. म्हणजे तो पोल, शर्यतीतली सगळ्यात पुढची सुरुवातीची जागा, घेतो, सिम्युलेटरवर बसतो, परत खऱ्या गाडीत बसतो.

मी साधा माणूस, टेबलाला स्टिअरिंग लावून चालवतो. पण ज्या वळणावर माझी गाडी रोज सुटते तिथे खऱ्या शर्यतीत माझ्या आवडत्या ड्रायव्हरची गाडी जराशी हलली की माझे हात आपोआप उलटे फिरतात. हे दुसऱ्या कुठल्या खेळाच्या चाहत्याला होत असेल असं वाटत नाही. जोटाच्या धावेबद्दल तुम्ही लिहिलंय ते वाचताना हेच आठवलं.

निळा कोपरा

मी एव्हर्टनचा. म्हणजे तो शेवटचा गोल आम्ही खाल्ला.

त्या गोलचा मला त्या दिवशी भयंकर राग आला होता. चेंडू मिळायच्या आधी एक जण ऑफसाइड, म्हणजे आमच्या बचावपटूंच्या पुढे, होता असं आमचं म्हणणं, त्यावर कितीतरी दिवस वाद घातला. ३ जुलैला बातमी कळली आणि सगळ्यात आधी तो गोल डोळ्यांसमोर आला. मी तो पुन्हा लावून पाहिला. आत शिरताना दोघांना कसं चकवलंय ते पहिल्यांदा नीट दिसलं. रागाने बघत होतो तोवर गोल दिसलाच नव्हता. आता ऑफसाइडचा विषय मी काढत नाही. कुणी काढला तर उठून जातो.

तुमच्या सेव्हबद्दल. मी तुमच्या जागी असतो तर पुढे खेळलो असतो. तुम्ही त्याला ३० वर्षांचा करून तिथेच उभं ठेवलंय. बाकीचे सगळेही त्याच्याबरोबर थांबलेत. गेममध्ये खेळाडूचं वय वाढतं, वेग कमी होतो, मग एक दिवस निवृत्त होतो. खऱ्या जोटाला ते मिळालं नाही. म्हातारा होऊन खेळ सोडणं. तुमच्याकडे तो होऊ शकतो.

बाकावरचा

निळा कोपरा, मला जे म्हणायचं होतं ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं म्हटलंत. पूर्ण सहमत.

मैदानवेडी

मला गेममधलं काही कळत नाही, पण हे कळलं. विसाव्या मिनिटाला मैदानात लोक उभे राहून त्याचं गाणं म्हणतात तेव्हा त्यांनाही माहीत असतं की तो येणार नाही. तरी म्हणतात. लालजर्सी, याला मी प्रतारणा म्हणणार नाही. खेळा.

सहावा चेंडू

सहमत. आणि जर्सीचा नंबर बदलू नका.

लालजर्सी

काल कुणालाच उत्तर दिलं नाही, कारण सेव्ह उघडून बसलो होतो.

लोड व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला. पहिल्या पानावर इनबॉक्समध्ये तीन न वाचलेले निरोप होते. एक प्रशिक्षकाचा, एक तरुण संघाच्या स्काऊटचा आणि तिसरा जोटाच्या कराराचा. करार संपत आलाय, बोलणी करायची का? हा निरोप इतके महिने तिथेच पडून होता आणि मला माहीतच नव्हतं.

मॅच खेळलो. २-१ जिंकलो. एल-वन दाबला आणि तो धावला. डाव्या बचावपटूच्या पाठीमागून, नेहमीसारखा, मान वळायच्या आत. पास मी थोडा उशिरा दिला आणि तो ऑफसाइड गेला. निळा कोपरा, तुमची आठवण आली. गोल दुसऱ्याने केले.

मग करार. टेबलाच्या एका बाजूला मी, समोर तो आणि त्याचा एजंट. किती वर्षांचा करार हे विचारणारी ओळ येते, बाणाने आकडा कमीजास्त करायचा. तीस वर्षांच्या खेळाडूला मी एरवी एकच वर्ष देतो, फार तर दोन. टीम चालवायची तर तसंच करावं लागतं. बाण उजवीकडे दाबत गेलो. दोन, तीन, चार, पाच. पाचच्या पुढे जात नाही.

एजंटने होकार दिला. खेळाडूंच्या यादीत जाऊन नंबर पाहिला, वीसच आहे. सेव्ह केलं. सीझनची शेवटची मॅच बाकी आहे, ती आज खेळतो.